कायदा हातात घेताना

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादक दरवर्षी एकच सूचना करतात, "फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचता येईल असे काही लिहा." सदर मुलांच्या संगोपनाचे असल्यामुळे तसे लिहिणे अवघड नसते. फटाके, जागरण, शेवटच्या चकलीवरून झालेली मारामारी; विषय घरातच सांडलेले असतात. यंदा मात्र गेल्या महिन्यात आलेले एक पत्र माझ्या टेबलावरून हलायला तयार नाही. तेव्हा त्याचेच उत्तर आज देते.

पत्र ठाण्याच्या एका भगिनीचे आहे. त्या लिहितात : "माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. मराठी मुळाक्षरे त्याने चटकन उचलली. आता कुरआन वाचायला शिकवण्याची वेळ झाली, असे घरात सगळे म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे, मशिदीतल्या मकतबात घाला. ह्यांचे म्हणणे, हल्ली सगळे मोबाइलवर शिकता येते. माझी फार इच्छा आहे की सुरुवात मी करून द्यावी. पण माझे स्वतःचे शिक्षण लहानपणी अर्धवट राहिले. अजून मी अडखळत वाचते. अशा आईने मुलाला शिकवावे काय? की कायदा मी हातात घेऊच नये?"

शेवटच्या वाक्याला मी एकटीच मोठ्याने हसले. ज्या वाचकांना त्यातली गंमत कळली नसेल त्यांच्यासाठी खुलासा करते. अरबी अक्षरओळखीच्या पहिल्या पुस्तकाला आमच्याकडे 'कायदा' म्हणतात. नूरानी कायदा, बगदादी कायदा, यस्सरनल कुरआन अशी त्याची निरनिराळी रूपे आहेत. अलिफ-बेपासून आरंभ, मग जोडलेली अक्षरे, मग शब्द आणि अखेरीस सबंध आयती, असा त्याचा चढता क्रम असतो. कायदा पुरा झाला की मूल बहुधा कुरआनच्या तिसाव्या भागाला, म्हणजे 'अम्मा पाऱ्या'ला हात घालते. एकंदर ११४ सूरहांपैकी ३७ या एका भागात आहेत, आणि बहुतेक आखूड. म्हणून ग्रंथाच्या शेवटापासून सुरुवात करण्याची ही चाल. अशा पाहून वाचण्याला 'नाझरा' म्हणतात आणि तोंडपाठ करण्याला 'हिफ्ज'. आपण आज बोलत आहोत ते नाझऱ्याविषयी, आणि त्यातल्याही अगदी पहिल्या पायरीविषयी.

तर ठाण्याच्या भगिनी, कायदा खुशाल हातात घ्या. अडखळत वाचता म्हणून तर घ्याच. जो कष्टाने, अडखळत वाचतो त्याला दुप्पट पुण्य आहे, असे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये आहे. तुमच्या सासूबाईंना ते नक्की ठाऊक असेल. हे मी एवढ्या ठामपणे सांगते याला कारण आहे. ते माझ्या घरातले आहे, आणि सांगताना मला आनंद होत नाही.

माझ्या थोरल्या मुलाला मी सातव्या वर्षी शिकवणीला घातले. १९९० च्या सुमाराची गोष्ट. शिकवणारे गृहस्थ विद्वान होते, गळा तर असा की ऐकत राहावे. पण त्यांच्या रेहलीशेजारी, म्हणजे कुरआन उघडून ठेवायच्या त्या लाकडी घडीशेजारी, वेताची एक छडी असे. मुलाला 'काफ' हे अक्षर घशातून काढता येईना. चुकला की हात पुढे. पुढे पुढे असे झाले की ओळीत दोन शब्दांवर काफ दिसला तरी त्याचा हात आपोआप पुढे होई. हे त्याने मला सांगितले होते. मी काय केले? "ते तुझ्या भल्यासाठीच मारतात," म्हणाले आणि डब्यात एक लाडू जास्त घातला. छडी खाल्ल्याशिवाय विद्या येत नाही, असेच आम्हीही ऐकत आलो होतो. नवव्या वर्षी संध्याकाळ झाली की त्याचे पोट दुखू लागले. शिकवणी सुटली. "मोठा झाला की शिकेल," असे आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितले.

तो मोठा झाला, इंजिनिअर झाला. त्याच्या वडिलांच्या चाळिसाव्याला घरात मंडळी जमली. अशा वेळी कुरआनचे तीस पारे सुटे बांधलेले मधोमध ठेवतात, ज्याने-त्याने एकेक उचलायचा, आणि तास-दीड तासात सबंध ग्रंथ वाचून पुरा होतो. माझ्या मुलानेही एक पारा उचलला. मी आतल्या दारातून पाहत होते. तो पाने उलटत होता. शेजारचा माणूस पान उलटी, की थोड्या वेळाने हा उलटी. ओठ हलत होते. पण वाचणाऱ्याचे डोळे जसे उजवीकडून डावीकडे सरकतात तसे ते सरकत नव्हते. बापासाठी वाचायच्या वीस पानांपैकी एकही त्याला वाचता येत नव्हते, आणि चारचौघांत तसे म्हणण्याची सोयही नव्हती. मी त्याला त्याबद्दल आजवर विचारलेले नाही.

आता त्याची मुलगी सहा वर्षांची आहे, आणि वर्षभरापूर्वी तिचा कायदा मी हातात घेतला. त्या वर्षाचा अनुभव एवढेच माझे भांडवल.

पहिला धडा मला शेजारच्या काकूंकडून मिळाला. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. काकू नातवाला अथर्वशीर्ष शिकवीत होत्या. कित्येक आठवडे पुस्तक म्हणून त्यांनी उघडले नाही. मेथी निवडता निवडता त्या एक तुकडा म्हणायच्या, की नातू म्हणायचा. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले की काकू रागवायच्या नाहीत, तोच तुकडा पुन्हा म्हणायच्या, इतकेच. मला वाटले, अरे, आमच्याकडेही मुळात हेच होते की! 'कुरआन' या शब्दातच वाचण्या-म्हणण्याचा अर्थ आहे, आणि अवतरलेला पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे 'वाच', हा पैगंबरांनी कानांनी ऐकला. पुढ्यात पुस्तक नव्हते. तेव्हा पहिले दोन महिने नातीला मी अक्षर दाखवलेच नाही. रात्री झोपताना सूरह फातिहा, नंतर सूरह इख्लास. एक सात आयतींची, दुसरी चार. हुसरी नावाचे मिसरचे एक कारी होऊन गेले. १९६१ साली त्यांचे संपूर्ण कुरआनचे पठण ध्वनिमुद्रित झाले. ते इतके संथ आणि स्वच्छ आहे की मूलही मागोमाग म्हणू शकते. तुमच्या ह्यांच्या मोबाइलचा खरा उपयोग येथे आहे. मोबाइल उच्चार ऐकवतो उत्तम; पण मुलाच्या जिभेचे टोक कुठे लागते आहे, ते शेजारी बसलेल्या माणसालाच दिसते.

जिभेवरून आठवले. आपल्या मराठी मुलांजवळ एक शिदोरी आहे आणि आपण ती उघडतच नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे शाळेत घोकलेले आठवते ना? अरबी उच्चारशास्त्राचा, म्हणजे तजवीदचा, पायाही नेमका हाच : कोणते अक्षर कंठातून, कोणते टाळूजवळ, कोणते दातांशी, कोणते ओठांवर. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी अरबी कोश रचायला घेतला तेव्हा अलिफ-बे हा क्रम बाजूला ठेवून कंठापासून ओठांपर्यंत अक्षरे लावली. कोशाचे नावच 'किताबुल ऐन', कारण आरंभ कंठातल्या 'ऐन' या अक्षराने. आपल्या क-ख-ग-घपासून प-फ-ब-भपर्यंतच्या वाटेचा हा चुलतभाऊच म्हणायचा. नातीला मी हे असले काही सांगितले नाही. आरशासमोर उभे करून "हे अक्षर घशातून, हे दातातून" एवढेच केले. आरशात जीभ काढून दाखवायला कोणत्या मुलाला आवडत नाही?

आणखी एक. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च निराळे आहेत, 'जरा थांब' मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'मधला ज निराळा, हे मराठी मूल कानानेच शिकते. अक्षर तर एकच लिहितो आपण. म्हणजे बारीक फरक ऐकू येणारा कान त्याला आहे. 'से', 'सीन' आणि 'स्वाद' या तिन्ही अक्षरांचा आपण मोठी माणसे सरसकट 'स' करतो, ती चूक आपल्या आळशी कानाची. मोठ्या काफाने 'कल्ब' म्हटले तर हृदय. तोच शब्द छोट्या काफाने म्हटला तर कुत्रा! नातीला हे इतके आवडले की दोन दिवस घरात प्रत्येकाचे हृदय भुंकत होते. हसत हसत का होईना, जो काफ तिच्या बापाला छडीने आला नाही, तो तिला आठवड्यात आला.

म्हणूनच, अरबी ओळीखाली देवनागरीत उच्चार छापलेल्या प्रती बाजारात मिळतात, त्या मुलाच्या हाती देऊ नका. मोठ्यांची अडचण मी समजू शकते. पण मूल सोपी ओळ वाचू लागते आणि अवघड ओळीवरची नजर उठते ती उठतेच. कुबडी पायाला लावायची असते, धडधाकट पायाला नव्हे.

मग अक्षरे. अठ्ठावीस आहेत, पण घाबरू नका, चेहरे थोडे आणि टिंबे फार, असा मामला आहे. 'बे'ची आम्ही होडी केली : होडीखाली एक मासा पोहतो आहे. 'ते'च्या होडीत दोन माणसे, 'से'च्या होडीत तीन. 'जीम'च्या पोटात टिंब, 'खे'च्या डोक्यावर, आणि मधल्या 'हे'ला काहीच नाही, बिचारा. आठवड्याला एक कुटुंब, अधिक नको. वाळूत, तांदळात, पाटीवर बोटाने काढू द्या. नावे मात्र आधी ठरवून घ्या. आपण जुनी माणसे 'बे, ते, से' म्हणतो, नव्या पद्धतीचे शिक्षक अरबी वळणाने 'बा, ता, सा' म्हणतात. दोन्हींत पाप नाही. पण आई एक आणि मकतब दुसरे म्हणू लागले की मुलाला वाटते, कोणीतरी खोटे बोलते आहे.

अक्षरे जोडली की रूप बदलतात, शेपूट टाकतात, आणि येथेच पुष्कळ आयांचा धीर सुटतो. "कालपर्यंत ओळखत होता, आज ओळखत नाही!" पण आपला 'र' आठवा. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'प्रकाश'मध्ये पायात घुटमळतो, 'राष्ट्र'मध्ये आणखी तिसरेच सोंग घेतो. त्या 'र'ला पचवलेले मूल अरबी जोडणीला भीक घालत नाही. नातीला मी सांगितले, ही अक्षरे हात धरून चालतात. फक्त सहाजण, अलिफ, दाल, झाल, रे, झे आणि वाव, मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत. तिने लगेच विचारले, "का? भांडण आहे?" मी म्हटले, "असेल."

झबर, झेर, पेश ही स्वरचिन्हे शिकवताना थोडे थांबावे लागते. आपल्या 'ब'मध्ये 'अ' मुळातच दडलेला असतो. अरबी 'बे' चिन्हावाचून मुका. म्हणून पहिले काही दिवस मूल चिन्ह पाहतच नाही. दुसरे, ऱ्हस्व-दीर्घ. 'दिन' आणि 'दीन' यांत जेवढे अंतर तेवढेच येथेही, उच्चार लांबला की अर्थ हलला. आणि ही चिन्हे किचकट वाटली तर एक ध्यानात ठेवा. कुरआनच्या सर्वांत जुन्या प्रतींत ती नव्हती. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, ज्यांची बोली अरबी नाही अशी माणसे वाचू लागली, चुका होऊ लागल्या, तेव्हा ती आली. सातव्या शतकात अबुल अस्वद यांनी रंगीत टिंबे योजली आणि पुढे वर सांगितलेल्या खलील यांनी चिन्हांना आजचे वळण दिले, असे परंपरा सांगते. म्हणजे झेर-झबर हा सारा खटाटोप तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच सोयीसाठी आहे!

आखातातल्या मामा-काकांबद्दलही सांगायला हवे, कारण कोकणातल्या आमच्या घरांतून एकतरी माणूस कुवेत-दुबईला असतोच. नातीच्या मामाने मोठ्या हौसेने मदिनेत छापलेली सुंदर प्रत आणली. तिने उघडली आणि रडकुंडीला आली. येणारे शब्दही येईनात. तिची चूक नव्हती. आपल्याकडच्या छपाईत चिन्हे लावण्याची रीत वेगळी, तिकडची वेगळी. जझमची खूण वेगळी, दीर्घ स्वर दाखवण्याची तऱ्हा वेगळी. पाठ तोच, पोशाख दुसरा. कायदा ज्या वळणाचा, पहिला कुरआनही त्याच वळणाचा द्या. भेटीची प्रत कपाटात जपून ठेवा, चार-पाच वर्षांनी ती आपण होऊन मागेल.

वेळ किती? पंधरा मिनिटे. सोळावे मिनिट तुमच्या हौसेचे असते, मुलाचे नसते. शाळेच्या अभ्यासाला जोडून बसवू नका आणि खेळातून ओढून आणू नका. आम्ही असर आणि मगरिबच्या नमाजांच्या मधली वेळ धरली. हातपाय धुणे, वजू, डोक्यावर ओढणी, रेहल मांडणे, हे सारे करावे. पण ते शिकवताना "हे नको, ते नको" अशी यादी वाचू नये. नातीला रेहल उघडण्याचेच भारी अप्रूप. सुरुवातीचे कित्येक दिवस ती त्यासाठीच येत होती, याबद्दल माझी खात्री आहे.

आमच्यात मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की 'बिस्मिल्ला' करण्याची जुनी पद्धत आहे. पुष्कळ घरे अजून पाळतात. चांगले कपडे, मिठाई, वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिले शब्द. समारंभ जरूर करा; पण त्या तारखेपासून मुलाने वाचलेच पाहिजे असे नव्हे. कोणी पाचव्या वर्षी वाचते, कोणी आठव्या. चुलतभावंडांची पाने मोजण्याचा खेळ मात्र घरात चालू देऊ नका.

तुमच्या सासूबाईंचेही बरोबर आहे. आईने सुरुवात करावी, शेवट जाणत्या माणसाच्या हाती द्यावा. उच्चार पारखणारा शिक्षक हवाच. मी स्वतः साठी उलटल्यावर, माझ्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या एका आपांकडे जाऊन माझा 'ऐन' आणि 'झ्वाद' दुरुस्त करून घेतला. नातीला हे सांगितले तेव्हा तिला केवढा आनंद झाला! "दादी, तुझं पण चुकतं?" आमच्या घरची बोली कोकणी आहे, येथे मी जरा शहरी करून लिहिते आहे, पण त्या प्रश्नातला हर्ष काही मला लिहिता येत नाही. मकतबात घालण्यापूर्वी मात्र एक दिवस तेथे जाऊन बसा. शिक्षकांचा गळा ऐका, आणि त्यांच्या शेजारी काय ठेवले आहे तेही पाहा. मी ते पाहिले नव्हते.

सर्वांत अवघड प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण तो येईल. आमच्याकडे चौथ्या महिन्यात आला. "दादी, हे म्हणजे काय?" मी पन्नास वर्षे वाचते आहे. किती वेळा तीस पारे पुरे केले, मोजलेले नाही. आणि 'रब्ब' म्हणजे पालन करणारा, यापुढे दोन ओळी सांगताना माझी गाडी अडली. आमच्या पिढीत अर्थ विचारण्याचे वय कधी आलेच नाही. त्या दिवशी मी मुलीला खोटे सांगितले नाही. "मला पुरते येत नाही, आपण पाहू," म्हणाले, आणि मराठी अनुवाद आणला. आता रोजच्या पंधरा मिनिटांत एक शब्द अर्थासकट. विनोबा भाव्यांनी मोठेपणी अरबी शिकून मूळ कुरआन वाचला आणि त्यातून 'कुरान-सार' संकलित केले. गागोदे गावी जन्मलेल्या ब्राह्मणाच्या मुलाला जे वेळ काढून करावेसे वाटले, ते मला इतकी वर्षे का सुचले नाही, कोण जाणे.

आता दिवाळीची सुटी लागली आहे. शाळा नाही, अभ्यास नाही. ठाण्याच्या भगिनी, याहून बरा मुहूर्त कोणता? काल संध्याकाळी काकूंकडचे फराळाचे ताट आले, नातीने दोन चकल्या संपवून हात धुतले आणि रेहल मांडली. तिचा बाप पलीकडे खुर्चीत मोबाइल घेऊन बसला होता. गेले काही महिने तो या वेळी तेथेच बसतो, हे माझ्या ध्यानात आले आहे. मी स्वयंपाकघरात गेले. चहाला आधण ठेवले तोच बाहेरून नातीचा आवाज आला. प्रथम वाटले, ती माझी नक्कल करते आहे.

"नाही अब्बा, असं नाही. हा मोठा काफ आहे. पुन्हा म्हणा. तुम्ही कुत्रा म्हणताय."